टाळूवरचा जांभळा चट्टा आणि एचआयव्ही: कापायची घाई नको, आधी तुकडा तपासा

ताई, तुम्ही बरंच सविस्तर लिहिलंय, त्यातलं कामाचं आधी एका जागी मांडते म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. भाऊ ४१ वर्षांचा, युगांडात कंपालाला एका कारखान्यात अकाउंट्स बघतो, एचआयव्ही माहीत होऊन बरीच वर्षं झाली पण मधे दीडेक वर्ष गोळ्या सुटल्या होत्या. सुट्टीवर सांगलीला आला, हिरडीतून रक्त येतं म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेला, तर त्यांना टाळूवर जांभळा चट्टा आणि वरच्या हिरडीवर गाठ दिसली, आणि ते म्हणाले कॅन्सर वाटतोय, कापून टाकू. तुम्ही घाबरून दुसऱ्या डॉक्टरकडे नेलंत, त्यांनी स्टेरॉइडचं मलम आणि गोळ्या दिल्या. सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, ११८ आलाय, खूप कमी. आणि तुमचे प्रश्न असे की हा कॅन्सर आहे का, कापून बरं होईल का, किती दिवस आहेत, घरात वहिनी आणि मुलगी आहेत तर ताट-वाटी वेगळी करायची का, आणि तो परत नोकरीवर जाऊ शकेल का.

मी ओरल मेडिसिन, म्हणजे तोंडाच्या आजारांचं काम करते, एचआयव्हीच्या पेशंटांची तोंडं बघण्यातच माझी उमेदीची वर्षं गेलीत. न बघता निदान देणार नाही, पण तुम्ही सांगताय त्यावरून कापोसी सार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा एक प्रकारचा कॅन्सर, हे नाव यादीत वर ठेवावंच लागेल.

पण सगळ्यात आधी ते स्टेरॉइड. गोळ्या चार-पाच दिवसच झाल्या असतील तर ज्यांनी दिल्या त्यांना फोन करून आजच बंद करा, दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त घेत असेल तर मात्र एकदम तोडू नका, कमी करत करत बंद करायच्या असतात. मलम सरळ ठेवून द्या. आपल्याकडे तोंडात काहीही झालं, छाले आले, चट्टा आला, गुटख्याने तोंड उघडेनासं झालं, की ट्रायमसिनोलोनचं मलम, नाहीतर बेटामिथासोनची गोळी पाण्यात विरघळवून गुळण्या, नाहीतर थेट गालात इंजेक्शन, हा ठरलेला रस्ता आहे आणि बऱ्याच आजारांत तो बरोबरही आहे, मी स्वतः रोज लिहून देते. कापोसीत मात्र स्टेरॉइडने गाठी वाढतात. किडनी बदललेल्या लोकांना, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनाही हा आजार होतो आणि ती औषधं कमी केली की कितीतरी जणांत तो आपोआप ओसरतो, यावरूनच बघा नातं काय आहे ते. शिवाय ११८ सीडी४ असताना तोंडात स्टेरॉइड म्हणजे कॅन्डिडाच्या बुरशीला आमंत्रण. ज्या डॉक्टरांनी दिलं त्यांना एचआयव्हीचं सांगितलं होतं का? तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय की नाही. त्यांना दोष द्यायचा नाहीये, पण पुढे जिथे जाल तिथे ही एक गोष्ट लपवायची नाही, का ते खाली येईलच.

आता हा आजार तोंडात दिसतो कसा. सगळ्यात आवडती जागा म्हणजे कडक टाळू, बहुतेक वेळा दाढांच्या बाजूला, कधी एका बाजूला कधी दोन्ही बाजूंना. त्याखालोखाल हिरडी, मग जिभेची वरची बाजू. सुरुवातीला सपाट, जांभूळ खाऊन डाग पडावा तसा, हात लावला तर काही लागत नाही, दुखत नाही, जळजळत नाही, आणि म्हणूनच महिनोन् महिने कोणाचं लक्ष जात नाही. सावळ्या माणसात तो जांभळा न दिसता तपकिरी-काळपट दिसू शकतो, पुस्तकातल्या गोऱ्या पेशंटांच्या फोटोशी जुळवायला गेलात तर फसाल. काचेच्या पट्टीने दाबलं तर साध्या फुगलेल्या नसा फिक्या पडतात, हा तसा पूर्ण फिका पडत नाही. मग हळूहळू जाड होतो, गाठ होते, हिरडीवर असेल तर दोन दातांच्या मधून फुगून वर येते, ब्रश लागला की रक्त, दात हलायला लागतात, खालचं हाड झिजू शकतं, टाळूवरची मोठी झाली तर गिळताना-बोलताना अडते. एचआयव्हीसोबतच्या कापोसीत साधारण पाचातल्या एका पेशंटला पहिली खूण तोंडातच दिसते, अंगावर काहीच नसताना. म्हणून तुमच्या दातांच्या डॉक्टरांनी टाळू बघितली आणि बोलले याचं मी कौतुकच करीन, बरेच जण दात बघतात आणि वर बघतच नाहीत.

पण "कापून टाकू" ला माझा विरोध आहे, आणि "कॅन्सर वाटतोय" लाही, कारण डोळ्याने बघून हे ठरत नाही. भारतात कापोसी दुर्मिळ आहे. आमच्याकडे एचआयव्हीचे इतके पेशंट येतात, त्यांच्या तोंडात बुरशी दिसते, जिभेच्या कडेला पांढरे केसाळ पट्टे दिसतात, हिरड्या सडलेल्या दिसतात, कापोसी क्वचित. मग जांभळं किंवा काळं दुसरं काय काय असू शकतं? आपल्या लोकांच्या हिरड्या मुळातच काळसर असतात, मिश्री लावणाऱ्यांच्या अजून जास्त. जुन्या चांदीच्या फिलिंगचे कण हिरडीत गेले की निळसर डाग राहतो. एचआयव्हीत प्लेटलेट्स कमी होतात, त्याने टाळूवर रक्ताचे ठिपके येतात, पावसाळ्यात डेंग्यूनेही येतात. झिडोव्ह्यूडीन नावाचं जुनं औषध वर्षानुवर्षं घेतलेल्यांत तोंडात आणि नखांवर काळे पट्टे येतात. हिरडीवर रक्ताळ मऊ गाठ म्हणाल तर पायोजेनिक ग्रॅन्युलोमा आपल्याकडे भरपूर, नुसतं दातांवरचं कीटण साठून होणारा. हे सगळे तसे गरीब आजार.

घाबरायचं ते बाकीच्या तिघांना. एक, मेलॅनोमा, म्हणजे रंगाच्या पेशींचा कॅन्सर, ज्याची तोंडातली आवडती जागा नेमकी टाळू आणि वरची हिरडी. दोन, लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कॅन्सर, त्यातही प्लाझ्माब्लास्टिक नावाचा एक प्रकार एचआयव्हीवाल्यांच्या हिरडीत येतो आणि आठवड्यांच्या हिशोबात वाढतो, त्याची केमो पूर्ण वेगळी. तीन, बॅसिलरी अँजिओमॅटोसिस, म्हणजे बार्टोनेला नावाच्या जंतूने होणाऱ्या लाल-जांभळ्या गाठी, हुबेहूब कापोसीसारख्या, फक्त त्या डॉक्सीसायक्लिन किंवा एरिथ्रोमायसिनने बऱ्या होतात. विचार करा, अँटिबायोटिकने जाणाऱ्या गाठीला कोणी कॅन्सर म्हणून केमो दिली तर? किंवा उलटं, लिम्फोमाला कापोसी समजून "एआरटी (म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या) चालू करा, बघू सहा महिन्यांनी" म्हटलं तर? म्हणून तुकडा तपासल्याशिवाय नाव द्यायचं नाही, आणि तुकडा म्हणजे छोटा तुकडा, आख्खी गाठ नव्हे.

बायोप्सीला लोक उगाच घाबरतात, तुकडा काढला की आजार पसरतो वगैरे, तसं काही होत नाही. जागा बधिर करायची, चार-पाच मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, एखादा टाका, दहा-पंधरा मिनिटांचं काम. फक्त हा आजार रक्तवाहिन्यांचा आहे, त्यामुळे जाड गाठीतून रक्त जास्त येऊ शकतं, म्हणून आधी सीबीसी करून हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स बघायच्या आणि जिथे सक्शन, कॉटरी, टाके घालायची सोय आहे अशा ठिकाणीच करायचं, म्हणजे डेंटल कॉलेज किंवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, मिरज तुम्हाला जवळ आहेच. सुईने पेशी ओढून करतात ती एफएनएसी इथे पुरत नाही. रिपोर्टच्या फॉर्मवर एचआयव्ही आहे हे पॅथॉलॉजिस्टला कळेल असं लिहायला सांगा (नाव गुप्त ठेवून कोड टाकता येतो) आणि एचएचव्ही-८ ची, म्हणजे कापोसी ज्या व्हायरसने होतो त्याची स्टेन (तुकड्यात तो व्हायरस रंगवून दाखवणारी तपासणी) करायला सांगा, तिला लॅबवाले लाना-१ म्हणतात. मायक्रोस्कोपखाली लांबट पेशी, त्यांच्यामधे चिरेसारख्या रक्ताच्या फटी आणि बाहेर सांडलेल्या लाल पेशी दिसतात, पण सुरुवातीच्या सपाट चट्ट्यात हे इतकं बारीक असतं की नुसत्या साध्या स्लाइडवर "ग्रॅन्युलेशन टिश्यू" (भरत्या जखमेचं मांस) किंवा "हेमॅन्जिओमा" (रक्तवाहिन्यांची साधी गाठ) असा रिपोर्ट येऊ शकतो. ज्या लॅबने हा आजार फारसा बघितलेलाच नाही त्यांच्याकडून हे होणं साहजिक आहे. लाना पॉझिटिव्ह आली की वाद मिटतो. तुमच्याकडे ही स्टेन होत नसेल तर तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक मुंबई-पुण्याच्या मोठ्या लॅबला किंवा परळच्या टाटाला पाठवता येतो, पेशंटला जायची गरज नाही. ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे, जपून ठेवा.

आता कंपालाचा संबंध. हे नाव मोरित्झ कापोसी या व्हिएन्नातल्या त्वचेच्या डॉक्टरांवरून पडलं, त्यांनी १८७२ मधे पहिल्यांदा वर्णन केलं, तेव्हा तो भूमध्य समुद्राच्या आसपासच्या आणि पूर्व युरोपातल्या म्हाताऱ्या पुरुषांच्या पायांवर दिसणारा सावकाश आजार समजला जायचा. आफ्रिकेच्या मध्य आणि पूर्व भागात एचआयव्हीच्या कितीतरी आधीपासून तो होता, लहान मुलांतसुद्धा. मग १९८१ च्या जुलैत अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या २६ समलिंगी पुरुषांत, त्यातले बरेच तरुण, हा आजार सापडल्याचं छापलं, एड्सची गोष्ट जगाला कळायला लागली त्यातलं हे अगदी सुरुवातीचं पान. कारण सापडलं १९९४ मधे, युआन चँग आणि पॅट्रिक मूर या नवरा-बायकोच्या टीमला, तो म्हणजे हर्पिसच्या कुटुंबातला आठवा व्हायरस, एचएचव्ही-८. हा व्हायरस नसेल तर कापोसी होत नाही. युगांडात मोठ्या माणसांमधे तो फार पसरलेला आहे, भागाप्रमाणे कमीजास्त पण निम्म्याच्या आसपास लोकांत सापडतो, आणि आपल्याकडे फार कमी. आपल्याकडे कापोसी दुर्मिळ असण्याचं मोठं कारण हेच. म्हणून पूर्व आफ्रिकेत बरीच वर्षं राहिलेला, एचआयव्ही असलेला, गोळ्या सुटलेला माणूस टाळूवर जांभळा चट्टा घेऊन आला की मी भारतातला दुर्मिळपणा जरा बाजूला ठेवते.

एवढं वाचून कोणी घरात "मग हा व्हायरस तिथे कोणाकडून आला" असा विषय काढू नका. हा मुख्यतः लाळेतून पसरतो, तिकडे बहुतेकांना लहानपणीच घरच्यांकडून मिळतो, मोठेपणीही लाळेच्या संपर्कातून मिळू शकतो. कोणाच्या वागण्याचा दाखला त्यातून निघत नाही.

आणि इथेच ताट-वाटीचं उत्तर देऊन टाकते. एचआयव्ही लाळेतून, उष्ट्यातून, एका ताटात जेवण्यातून पसरत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. एचएचव्ही-८ लाळेत असतो हे खरं, पण ज्याची प्रतिकारशक्ती धड आहे त्याला तो मिळाला तरी बहुधा आयुष्यभर काहीच होत नाही. त्यामुळे ताट-वाटी, पेला वेगळा करायची अजिबात गरज नाही, टूथब्रश मात्र वेगळा असावा, आणि तो तसाही प्रत्येकाचा वेगळाच असायला हवा. घरच्यांची एचएचव्ही-८ ची टेस्ट करून काही हाती लागत नाही, त्यावर पैसे घालवू नका. वहिनींची एचआयव्ही टेस्ट मात्र करा, आयसीटीसीमधे, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात, फुकट होते, वहिनी पॉझिटिव्ह निघाल्या तर मुलीचीही. गोळ्या नियमित चालू असताना आणि व्हायरल लोड (रक्तातल्या एचआयव्हीचं प्रमाण) दबलेला असताना शरीरसंबंधातून एचआयव्ही जात नाही हे आता सिद्ध झालेलं आहे, पण दीड वर्ष गोळ्या बंद म्हटल्यावर सध्या तो हिशोब लागू नाही, लोड दबल्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत कॉन्डोम.

समजा रिपोर्टमधे कापोसी आला. तर हो, तो कॅन्सरमधेच मोजला जातो, पण तुमच्या डोळ्यासमोर आहे तो तंबाखूचा, गालाचा-जिभेचा, अर्धा जबडा काढून गळ्याच्या गाठी साफ करून मग रेडिएशन असा कॅन्सर. महाराष्ट्रात प्रत्येक घराच्या ओळखीत असा एक पेशंट असतोच, त्यामुळे तोंडाचा कॅन्सर म्हटलं की "कापा" हेच पहिलं डोक्यात येतं. कापोसीचं चालणं निराळं आहे. तो एका जागी सुरू होऊन मुळं पसरत जातो असं नाही, अंगभर दबून बसलेला व्हायरस पहारा ढिला पडला की एकाच वेळी दहा ठिकाणी डोकं वर काढतो. टाळूवरचा चट्टा कापलात तर पुढच्या महिन्यात हिरडीवर येईल, हिरडीवरचा काढलात तर पायावर. म्हणून मुख्य औषध तोंडात लावायचं नसून पोटात घ्यायचं आहे, म्हणजे एआरटी, आणि ती आजच्या आज परत सुरू करायला पाहिजे, बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघत बसायचं कारण नाही, कारण रिपोर्ट काहीही आला तरी ११८ सीडी४ वाल्याला एआरटी लागणारच आहे.

सिव्हिल हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरला न्या, कंपालातले कागद, जुन्या गोळ्यांची नावं, असतील तेवढं सगळं घेऊन. २००४ पासून सरकारी सेंटरवर ह्या गोळ्या फुकट मिळतात, आणि २०१७ पासून सीडी४ कितीही असो सगळ्यांना मिळतात. सध्या बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्यूडीन आणि डोल्युटेग्राव्हिर एकत्र असलेली रोज एक गोळी देतात, टीएलडी म्हणतात तिला, आणि कापोसीत मला हीच बरी वाटते कारण पुढे केमो लागली तर डोल्युटेग्राव्हिरचं केमोच्या औषधांशी फारसं भांडण होत नाही. रिटोनाव्हिर असलेली कॉम्बिनेशनं केमोचं औषध रक्तात वाढवून ठेवतात, आणि झिडोव्ह्यूडीन केमोसारखंच रक्तपेशी पाडतं. सेंटरवाले सुरू करायच्या आधी टीबीची लक्षणं विचारतील, छातीचा एक्स-रे काढतील, एवढ्या सीडी४ ला दुसरी इन्फेक्शनं टाळायला कोट्रायमॉक्साझोल देतीलच, हिपॅटायटिस बी बघतील. एक-दोन दिवस इकडेतिकडे झाले तर चालेल पण महिनाभर रखडू देऊ नका.

आता नुसत्या गोळ्यांवर भागेल का केमो लागेल, हे आजार किती पसरलाय त्यावर. डॉक्टर लोक टी-० आणि टी-१ असं लिहितात. टाळूवर नुसता सपाट डाग आणि अंगावर थोडेसे चट्टे, तर टी-०, त्यात नुसत्या एआरटीवर सहा महिने ते वर्षभरात डाग फिके होत जातात, कित्येकांचे पूर्ण जातात. पण तोंडात गाठी असतील, पायाला किंवा चेहऱ्याला सूज असेल, जखमा झाल्या असतील, फुफ्फुसात किंवा आतड्यात शिरला असेल, तर टी-१. तुमच्या भावाच्या हिरडीवर गाठ आहे, ती कापोसीचीच निघाली तर तो टी-१ च्या बाजूला झुकतो. म्हणून पूर्ण अंग तपासायला सांगा, कपडे काढून, चांगल्या उजेडात. तळपाय, जांघ, कानामागे, नाकाचा शेंडा, डोळ्याची खालची पापणी ओढून आत. खोकला, दम, थुंकीत रक्त आहे का, शौच काळी होते का, हे विचारा. असेल तर सीटी, दुर्बिणीच्या तपासण्या. काहीच त्रास नसेल तर एक्स-रे आणि शौचातल्या लपलेल्या रक्ताची टेस्ट सहसा पुरते, उगाच सगळ्या स्कोप घालून घेऊ नका.

केमोमधे दोन औषधं चालतात. एक लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, शरीराच्या क्षेत्रफळाप्रमाणे २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी, आधी हृदयाची इको करून. दुसरं पॅक्लिटॅक्सेल, १०० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी. ब्राझील, केनिया, मलावी, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे अशा सहा देशांत मिळून एक ट्रायल झाली, २०२० मधे छापली, त्यात एआरटीसोबत पॅक्लिटॅक्सेल हे तोंडाने घ्यायच्या इटोपोसाइडपेक्षा आणि ब्लिओमायसिन-विनक्रिस्टीनपेक्षा सरस ठरलं. त्यामुळे कोणी जुन्या पद्धतीने विनक्रिस्टीन-ब्लिओमायसिन सुचवलं तर पॅक्लिटॅक्सेल का नको एवढं विचारा. तुम्ही हुशार आहात, म्हणाल पॅक्लिटॅक्सेलच्या आधी डेक्सामिथासोन देतात की, ते स्टेरॉइडच ना? हो, ॲलर्जी टाळायला देतात, एखादा डोस, तोही कमीत कमी, कॅन्सरचे डॉक्टर ते जाणून देतात. महिनाभर मलम-गोळ्या चालवणं वेगळं. २०२० मधेच अमेरिकेत पोमॅलिडोमाइड नावाच्या गोळीलाही ह्या आजारासाठी मान्यता मिळालीय, पण ती सुरुवातीचं औषध नाही, तिच्याकडे नंतर बघता येतं.

एसायक्लोव्हिर हर्पिसचं औषध आहे म्हणून ते घेऊन हा बरा होईल का असं कोणी विचारतंच, तर नाही होत.

तोंडात वरून काय करता येतं तेही सांगते. खाताना लागणारी, सारखी रक्ताळणारी एखादीच गाठ असेल तर तेवढी कॉटरीने किंवा लेझरने काढतात, खाता यावं म्हणून. गाठीत विनब्लास्टिनचं बारीक इंजेक्शन देतात, गाठ आकसते, पण नंतर दोन-चार दिवस चांगलंच दुखतं. रेडिएशनला गाठ दाद देते, पण एचआयव्हीच्या पेशंटांचं तोंड रेडिएशनने फार वाईट सोलवटतं, म्हणून तोंडासाठी मी ते शेवटी ठेवते आणि तेही कमी डोसचं. ह्या सगळ्यात लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे दात साफ करणं. हिरडीवर कापोसी असेल आणि खाली कीटण साठलेलं असेल तर अर्धी सूज आणि बरंचसं रक्त त्या कीटणाचं असतं. प्लेटलेट्स ठीक असतील तर हलक्या हाताने स्केलिंग, क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या दिवसातून दोनदा, मऊ ब्रश, ह्याने पंधरा दिवसांत फरक दिसतो आणि पेशंटला हुरूप येतो. दात हलतोय म्हणून लगेच उपटू नका, गाठ आकसली की कित्येक दात परत घट्ट होतात. तुरटीच्या गुळण्या करत असेल तर करू दे, नुकसान नाही, बरा होणार नाही एवढंच. मिश्री असेल तर बंद. जेवायला मऊ भात, खिमट, ताकातली कुस्करलेली भाकरी, ठेचा काही दिवस लांब.

आता सगळ्यात महत्त्वाचा इशारा, हा पॅरा भावालाही वाचायला द्या. एआरटी सुरू केल्यावर पहिल्या तीन महिन्यांत आजार बरा व्हायच्या आधी वाढल्यासारखा दिसू शकतो. गाठी सुजतात, नवे चट्टे येतात, पाय सुजतो, ताप येतो. प्रतिकारशक्ती परत जागी होताना हे होतं, आयरिस म्हणतात त्याला. इथे घोटाळे होतात. पेशंट म्हणतो गोळ्यांनी वाढलं, बंद करतो. गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि दुसरं, टीबीचा आयरिस असेल तर डॉक्टर प्रेडनिसोलोन देतात, त्या सवयीने कोणी कापोसीच्या आयरिसलाही देतं, आणि पेशंट बिघडतो, फुफ्फुसात असेल तर जिवावर बेततं. कापोसीचा आयरिस जोरात असेल तर उत्तर केमो लवकर सुरू करणं हे आहे. टीबी पण निघाला आणि त्यासाठी स्टेरॉइड देणं भागच असेल तर ते टीबीच्या आणि कॅन्सरच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत "कापोसी, स्टेरॉइड विचारल्याशिवाय नको" असं लिहून ठेवा, मी माझ्या पेशंटांच्या फाइलवर लाल पेनाने लिहिते. श्वास लागला, आवाज घोगरा झाला, गिळता येईना, थुंकीत रक्त आलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता कॅज्युअल्टी.

डॉक्टरांना एचआयव्ही सांगायचा की नाही, तर सांगायचाच. मला माहितीय काही दवाखान्यांत सांगितलं की अचानक खुर्ची बिघडते किंवा डॉक्टर सुट्टीवर जातात. पण २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं आणि परवानगीशिवाय ही माहिती दुसऱ्याला सांगणं दोन्ही बेकायदेशीर आहे. अडचण आली तर १०९७ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, मराठीत बोलतात, एआरटी सेंटरचे काउन्सेलरही मदत करतात. न सांगता उपचार घेतले की काय होतं ते तुम्ही ह्याच महिन्यात बघितलंत, स्टेरॉइड हातात आलं.

किती दिवस, ह्याचं उत्तर मी आकड्यात देणार नाही, कोणी फोनवर देत असेल तर विश्वास ठेवू नका. एवढं नक्की की १९९६ च्या आसपास एचआयव्हीची एकत्र औषधं यायच्या आधीचा कापोसी आणि आत्ताचा, हे दोन निराळे आजार वाटावेत इतका फरक पडलाय. तोंडापुरता असेल, फुफ्फुसं आतडी साफ असतील, आणि गोळी रोज पोटात जात असेल तर माणसं वर्षानुवर्षं कामधंदा करतात. बिघडवणाऱ्या गोष्टी म्हणजे फुफ्फुसात शिरणं, खूप खाली गेलेला सीडी४, सोबत दुसरं इन्फेक्शन, आणि गोळ्या परत सुटणं. व्हायरस अंगातून कायमचा जात नाही, त्यामुळे परत उगवू शकतो. म्हणून दर महिन्याला दिवसाच्या उजेडात टाळू-हिरडीचा एकाच बाजूने फोटो काढून ठेवा, डॉक्टरला तुलना करायला बरं पडतं, सहा महिन्यांनी व्हायरल लोड बघा. डाग ओसरतायत पण ताप जात नाही, गाठी सुजल्यात, रक्त कमी होतंय असं काही झालं तर लगेच दाखवा, ह्याच व्हायरसने कॅसलमन नावाचा एक दुसरा आजारही होतो आणि तो हमखास नजरेतून निसटतो.

राहिला परत जायचा प्रश्न. पहिले तीन-चार महिने इथेच थांबावं असं माझं मत, आयरिसचा काळ घरच्यांजवळ जावा म्हणून. त्यानंतर लोड दबला, गाठी आकसल्या, केमो असेल तर ठरलेल्या सायकल झाल्या, की जायला हरकत नाही. तिकडे उपचार मिळणार नाहीत ही तुमची भीती मात्र काढून टाका. कंपालात मुलागोला युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूट १९६७ पासून आहे, आणि ह्या एका आजाराबाबत तिथल्या डॉक्टरांचा हात आमच्यापेक्षा जास्त बसलेला आहे, आम्ही जो क्वचित बघतो तो ते रोज बघतात. एआरटी तिकडेही सरकारी सेंटरवर मिळते आणि टीएलडीच चालते. जाताना बायोप्सीचा रिपोर्ट, स्लाइड, केमोचं डिस्चार्ज कार्ड, व्हायरल लोडचा कागद इंग्रजीत घेऊन जाऊ दे आणि दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या सोबत, म्हणजे नवीन ठिकाणी नाव नोंदवेपर्यंत एकही दिवस खाडा नको. दीड वर्ष गोळ्या का सुटल्या होत्या हे त्याला एकदा शांतपणे विचारा, रागावून नको. शिफ्ट, कॉन्ट्रॅक्ट बदलणं, कंपनीत कळेल ही भीती, जे काही असेल ते कळलं तर सेंटरवाल्यांना त्याप्रमाणे तारखा लावून देता येतात, एका वेळी जास्त महिन्यांच्या गोळ्या देता येतात. बायोप्सीचा रिपोर्ट आला की त्यातलं नाव-पत्ता झाकून शेवटचा निष्कर्ष आणि स्टेनचा निकाल लिहून पाठवा, पुढचं त्यावर बोलू.